एपीआय गेटवे टर्मिनलवरून कसा सांभाळायचा

हिंगणघाट तालुक्यातला एखादा शेतकरी मोबाइलवर ॲप उघडून आजचा कापसाचा भाव बघतो, तेव्हा त्याच्या फोनमधून एक विनंती निघते. ती कुठे जाते, तिला कोण अडवतं, कोण आत सोडतं आणि उत्तर आलं नाही तर शोध कुठून सुरू करायचा, हे या लेखात पाहू. लेख मुख्यतः त्या मुलामुलींसाठी आहे, जी शिकून पुण्याला न जाता गावातच राहिली आणि आता एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचं, पतसंस्थेचं किंवा दूध संघाचं संगणकाचं काम बघतात. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आणि तो सांभाळणारा आर्वीजवळच्या खेड्यात, असं आता सहज शक्य आहे. मात्र ते नीट करायचं तर काही गोष्टी पक्क्या माहीत हव्यात.

समजा, एका शेतकरी उत्पादक कंपनीचं ॲप आहे. त्याच्यामागे चार वेगळे प्रोग्राम चालतात: एक बाजारभाव देतो, एक हवामान सांगतो, एक सभासदांची खाती बघतो, एक मालाच्या पावत्या काढतो. प्रत्येकाशी बोलायची एक ठरलेली रीत असते. अमुक पत्त्यावर अमुक प्रश्न पाठवा, अमुक स्वरूपात उत्तर मिळेल. या रीतीलाच एपीआय म्हणतात. ॲप चौघांशी थेट बोलू लागलं, तर ओळख तपासणं, मर्यादा घालणं, नोंद ठेवणं ही कामं चार ठिकाणी चारदा लिहावी लागतात आणि एखाद्या ठिकाणी हमखास राहून जातात.

बाजार समितीच्या यार्डाचं गेट डोळ्यांसमोर आणा. तिथे माल विकला जात नाही, लिलाव होत नाही. गाडी कोणाची, माल कोणता, हे विचारून नोंद होते, तूर असेल तर एका शेडकडे, सोयाबीन असेल तर दुसऱ्या शेडकडे गाडी वळवली जाते, आणि आत जागा नसेल तर बाहेर थांबायला सांगतात. एपीआय गेटवे हेच करतो. बाहेरून येणारी प्रत्येक विनंती आधी त्याच्याकडे येते. तो ओळख बघतो, मर्यादा बघतो, योग्य प्रोग्रामकडे पाठवतो, आलेलं उत्तर परत नेऊन देतो आणि या सगळ्याची ओळ लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीच्या फाइलमध्ये, लिहितो.

असे गेटवे बरेच आहेत. मी इथे काँग हा धरून चालतो. तो २०१५ साली मुक्तस्रोत झाला आणि आतून एनजिन्क्स या वेब सर्व्हरवर उभा आहे. एनजिन्क्स इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केला. पुढे दिसेल की काँगच्या बऱ्याच सवयी थेट एनजिन्क्सकडून आल्या आहेत. दुसरा गेटवे वापरत असाल तर आज्ञांची नावं बदलतील, विचार तोच राहील. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा द्यायच्या काळ्या पडद्यावर, त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

बारीक नेटवर्क आणि काळा पडदा

गेटवेला वेबपान असलेली व्यवस्थाही मिळते. माऊसने क्लिक करा, काम होतं. तरीही मी गावात काम करणाऱ्याला आधी कमांड लाइन, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करणं, शिकायला सांगतो, आणि त्याचं पहिलं कारण नेटवर्क आहे. वावरात किंवा धुऱ्यावर उभं राहिल्यावर टॉवरची एखादीच दांडी दिसते. वेबपान उघडायला मेगाबाइटमध्ये माहिती उतरवावी लागते. एसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे आज्ञा देता येणाऱ्या साधनाने, सर्व्हरशी जोडल्यावर मात्र इकडून तिकडे फक्त अक्षरं जातात. इतक्या कमी माहितीला बारीक नेटवर्कही पुरतं.

दुसरं कारण वीज. डीपी गेली की राउटर बंद, राउटर बंद की जोडणी तुटली, आणि त्या जोडणीवर चालू असलेलं काम मध्येच मेलं. त्यावर उपाय आहे टीमक्स. सर्व्हरवर गेल्यावर सर्वांत आधी 'टीमक्स' चालवा आणि सगळं काम त्याच्या आत करा. जोडणी तुटली तरी टीमक्स सर्व्हरवर चालूच राहतं. वीज आल्यावर परत जोडा, 'टीमक्स अटॅच' म्हणा, पडदा होता तसा समोर येतो. याच्या जोडीला मॉश हे साधनही बघा. ते मोबाइल डेटावरून वायफायवर गेलं तरी जोडणी सोडत नाही.

तिसरं कारण मला सर्वांत मोलाचं वाटतं. टाइप केलेली आज्ञा फाइलमध्ये उतरवता येते, दुसऱ्याला जशीच्या तशी पाठवता येते, आणि सहा महिन्यांनी काय केलं होतं ते वाचता येतं. वेबपानावर केलेल्या क्लिकचं असं काही हाती राहत नाही.

दोन दारं, त्यातलं एक कधीच उघडायचं नाही

काँग दोन वेगळ्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या क्रमांक दिलेल्या दारांवर, कान देऊन असतो. ८००० हा लोकांचा पोर्ट, ज्यावर ॲपच्या विनंत्या येतात. त्याचं सुरक्षित रूप ८४४३. दुसरा ८००१, म्हणजे ॲडमिन एपीआय, तो सांभाळणाऱ्याचा. नवा मार्ग जोडणं, चावी देणं, मर्यादा बदलणं, सगळं ८००१ वरून होतं. मुक्त आवृत्तीत या ८००१ ला स्वतःची पासवर्डची व्यवस्था नसते. जो तिथे पोहोचला तो मालक.

म्हणून मूळ मांडणीत तो फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनच्या आतून ऐकतो. अडचण डॉकरच्या, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या डब्यात बंद करून चालवणाऱ्या साधनाच्या, नमुना फाइलींमुळे होते. शिकायला सोपं जावं म्हणून त्यांत ॲडमिन एपीआय ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या बाजूंनी ऐकणारा ठेवलेला असतो, आणि लोक ती फाइल तशीच सर्व्हरवर चढवतात. "फायरवॉल लावली आहे ना भाऊ" असं म्हणून गप्प बसू नका. डॉकरने बाहेर काढलेला पोर्ट उबुंटूच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून उघडा राहतो, हे अनेकांना माहीतच नसतं. सर्व्हरवर 'एसएस -एलटीएनपी' चालवा आणि ८००१ समोर कोणता पत्ता दिसतो ते आजच्या आज बघा. शिवाय आपल्या मोबाइलवरून त्या पत्त्यावर ८००१ उघडून बघा. काही दिसलं तर बाकीचं काम बाजूला ठेवून ते आधी बंद करा.

मग गावातून ८००१ वर पोहोचायचं कसं? एसएसएचच्या बोगद्यातून. 'एसएसएच -एल', त्यातला एल मोठा, आणि पुढे ८००१:लोकलहोस्ट:८००१. आता तुमच्या लॅपटॉपवरचा ८००१ म्हणजे सर्व्हरच्या आतला ८००१, आणि मधला सगळा रस्ता कुलूपबंद. मॉशमधून असा बोगदा काढता येत नाही, त्यासाठी एसएसएचच लागतं. मला मात्र याहून बरी रीत वाटते ती ही: साधनं सर्व्हरवरच ठेवा, टीमक्समध्ये शिरा आणि तिथूनच आज्ञा द्या. त्याचं कारण पुढे येईल.

चार शब्द

काँगच्या भाषेत मागच्या प्रत्येक प्रोग्रामला सर्व्हिस म्हणतात. कोणत्या पत्त्यावर आलेली विनंती कोणत्या सर्व्हिसकडे जावी, तो नियम म्हणजे रूट. विचारणारा तो कन्झ्युमर. आणि वाटेत करायचं प्रत्येक काम, म्हणजे चावी तपासणं, मर्यादा घालणं, उत्तर साठवणं, हे एकेक प्लगइन. सर्व्हिस आणि रूट हे कर्लने, म्हणजे टर्मिनलवरून विनंती पाठवायच्या साधनाने, दोन आज्ञांत तयार होतात. त्यावर वेळ घालवायची गरज नाही. एकच जागा अडखळायची आहे. रूटचा पत्ता '/भाव' असा दिलात तर काँग विनंती पुढे पाठवताना तो तुकडा काढून टाकतो, कारण 'स्ट्रिप पाथ' हे मुळातच चालू असतं. मागचा प्रोग्राम मात्र '/भाव' ची वाट बघत असेल तर ४०४, म्हणजे 'पत्ता सापडला नाही', असं उत्तर येतं आणि माणूस रूट पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

प्लगइनचा खरा उपयोग बघा. डेटा.गव्ह.इन या सरकारी संकेतस्थळावर देशभरातल्या बाजारांचे रोजचे भाव एपीआयने मिळतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. त्यासाठी आपली चावी विनंतीच्या पत्त्यातच जोडावी लागते. ती चावी ॲपमध्ये ठेवली तर ॲप उघडून बघणाऱ्या कोणालाही ती मिळते. त्याऐवजी काँगच्या रिक्वेस्ट-ट्रान्सफॉर्मर प्लगइनला ती द्या. विनंती पुढे जाताना गेटवेच चावी जोडेल आणि फोनला ती कधी दिसणारही नाही. वर प्रॉक्सी-कॅश लावा, म्हणजे तोच प्रश्न पाच मिनिटांत पुन्हा आला तर साठवलेलंच उत्तर जाईल. कापसाचा दर काही सेकंदासेकंदाला बदलत नाही. उत्तरासोबत एक्स-कॅश-स्टेटस अशी ओळ येते, तीत हिट दिसलं तर उत्तर साठ्यातून आलं.

एका गावाचा एकच आयपी

मर्यादेची गोष्ट जरा सावकाश समजून घ्या, कारण शहरात बसून लिहिलेल्या मार्गदर्शिकांत ती चुकीच्या जागी बसवलेली असते. रेट-लिमिटिंग प्लगइन सांगतो की एकाने मिनिटाला इतक्याच विनंत्या कराव्यात. ओलांडलं की ४२९ हा नकाराचा आकडा. प्रश्न असा, की 'एक' म्हणजे कोण?

काँग आधी कन्झ्युमर बघतो. विनंतीसोबत ओळखच नसेल तर तो आयपी पत्ता मोजतो. आता आपल्याकडचं वास्तव बघा. मोबाइल कंपन्या चौथ्या आवृत्तीचे आयपी पत्ते पुरत नाहीत म्हणून शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. म्हणजे ऑक्टोबरात सोयाबीनची आवक सुरू झाली, सकाळी सगळ्यांनी एकाच वेळी भाव बघायला ॲप उघडलं, तर गेटवेला ते एकच माणूस वेड्यासारखं बटण दाबतोय असं दिसतं. आणि ज्या तासाला शेतकऱ्याला माल न्यायचा की थांबायचं हे ठरवायचं असतं, नेमक्या त्याच तासाला त्याला नकार मिळतो.

म्हणून मर्यादा माणसावर बसवा, पत्त्यावर नको. प्रत्येक सभासदाला स्वतःची चावी द्या, की-ऑथ प्लगइन लावा, आणि मर्यादा कन्झ्युमरप्रमाणे मोजू द्या. ॲपच्या आत सगळ्यांसाठी एकच चावी कोरून ठेवली तर काहीच साधत नाही, कारण मग सगळे मिळून पुन्हा एकच कन्झ्युमर होतात. लॉगिनच्या आधीच्या पानांसाठी आयपीवर मोजावंच लागतं. तिथे मर्यादा सढळ ठेवा.

भाव दिसत नाही, आता कुठे बघू?

फोन येतो: "भाऊ, भाव काहून दिसून नाही राहिला?" इथून पुढचं काम गेटवे सांभाळणाऱ्याचं खरं काम आहे, आणि ते अंदाजाने करायचं नसतं.

कर्ल हे साधन डॅनियल स्टेनबर्ग यांनी बनवलं, १९९८ पासून ते या नावाने ओळखलं जातं, आणि तुमच्या सर्व्हरवर ते बहुधा आधीपासून आहे. 'कर्ल -आय', आय लहान, म्हणजे उत्तरासोबत त्याच्या वरच्या ओळीही दाखव. हीच आज्ञा तीन जागी चालवा. पहिल्यांदा सर्व्हरच्या आतून थेट भावाच्या प्रोग्रामला विचारा, गेटवेला टाळून. मग सर्व्हरच्या आतूनच ८००० वर, म्हणजे गेटवेमधून. मग आपल्या लॅपटॉपवरून सार्वजनिक पत्त्यावर. पहिल्यालाच उत्तर नसेल तर गेटवेला हात लावायचं कारण नाही. पहिलं ठीक आणि दुसरं बिघडलं असेल तर खोट गेटवेच्या मांडणीत. पहिली दोन ठीक आणि तिसरं नाही, तर खोट डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी व्यवस्था), प्रमाणपत्र, फायरवॉल किंवा मधलं नेटवर्क यांत.

उत्तराच्या वरच्या ओळींत काँग स्वतःची साक्ष ठेवतो. एक्स-काँग-अपस्ट्रीम-लेटन्सी दिसली तर काँगने विनंती मागच्या प्रोग्रामकडे पाठवली होती, आणि त्याला किती मिलिसेकंद लागले तेही कळतं. त्याऐवजी एक्स-काँग-रिस्पॉन्स-लेटन्सी दिसली तर उत्तर काँगनेच दिलं, विनंती मागे गेलीच नाही. हा एक फरक ओळखता आला की अर्धा शोध संपतो. ४०४ दोन्हीकडून येऊ शकतो. काँगचा असेल तर त्यात कोणताही रूट जुळला नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ४०१ म्हणजे चावी नाही किंवा चुकीची. ५०२ म्हणजे मागचा प्रोग्राम उभा नाही किंवा मध्येच तुटला. ५०३ बहुतेकदा मागचं नाव सापडलं नाही किंवा मागे एकही निरोगी मशीन उरलं नाही म्हणून येतो. ५०४ म्हणजे वाट बघून थकला. ही वाट मुळात ६० सेकंदांची असते. भाव बघणाऱ्याला साठ सेकंद फिरणारं चक्र दाखवण्यापेक्षा ती दहावर आणा आणि 'थोड्या वेळाने बघा' असं स्वच्छ सांगा.

नंतर लॉग. साध्या मांडणीत तो '/यूएसआर/लोकल/काँग/लॉग्ज' मध्ये असतो. 'टेल -एफ' लावून शेतकऱ्याला फोनवरच "आता दाबा" म्हणा, त्याची ओळ डोळ्यांसमोर उतरते. ॲक्सेस लॉगच्या ओळीत नववा रकाना उत्तराच्या आकड्याचा असतो. ऑक या साधनाने तो रकाना काढा, सॉर्ट करा, 'युनिक -सी' ने मोजा, की सकाळपासून २०० (म्हणजे ठीक) किती, ४२९ किती, ५०२ किती हे एका ओळीच्या आज्ञेत कळतं. ४२९ चा आकडा फुगलेला दिसला तर वर सांगितलेली आयपीची भानगड आधी तपासा. काँगच्या नव्या आवृत्त्या प्रत्येक विनंतीला एक ओळखक्रमांक देतात, तो उत्तरातही जातो आणि लॉगमध्येही उतरतो. ॲपमध्ये चूक दाखवताना तो खाली बारीक अक्षरांत छापा. शेतकऱ्याने त्याची शेवटची काही अक्षरं फोनवर वाचून दाखवली की ग्रेप या शोधायच्या साधनाने नेमकी तीच ओळ सापडते.

लॉग वाढत जातो. 'डीएफ -एच' ने डिस्क बघत राहा आणि जुने लॉग आपोआप काढणारं लॉगरोटेट लावा. डिस्क भरली की गेटवेच्या आधी त्याचा पोस्टग्रेस डेटाबेस अडतो, ज्यात काँग आपली सगळी मांडणी ठेवतो.

बदल करताना

दोन प्रकारचे बदल वेगळे ओळखा. सर्व्हिस, रूट, प्लगइन, चाव्या यांतले बदल ॲडमिन एपीआयवरून चालू गेटवेमध्ये आपोआप लागू होतात. त्यासाठी काहीही बंद-चालू करायचं नसतं. काँग.कॉन्फ या काँगच्या स्वतःच्या सेटिंगच्या फाइलमधला बदल मात्र रीलोडशिवाय लागत नाही. आधी 'काँग चेक' ला ती फाइल द्या, चूक असेल तर तिथेच कळेल. मग 'काँग रीलोड'. ही एनजिन्क्सची देणगी आहे: नव्या मांडणीचे कामकरी प्रोसेस उभे राहतात, जुने हातातल्या विनंत्या पुऱ्या करून मगच जातात. कोणाची पावती अर्धवट राहत नाही. 'काँग रीस्टार्ट' हे करत नाही, तो दार बंद करून पुन्हा उघडतो. काही अडलं की रीस्टार्ट मारायची सवय घरच्या संगणकावर चालते, भर बाजाराच्या वेळी चालू गेटवेवर नाही.

रोजचे बदल एकेक कर्लने करत बसू नका. डेक हे साधन गेटवेची सगळी मांडणी यामल या साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये उतरवतं: 'डेक गेटवे डंप'. ती फाइल गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, ठेवा. बदल फाइलमध्ये करा, मग 'डेक गेटवे डिफ'. काय नवं येणार, काय बदलणार, काय पुसलं जाणार, हे तो काहीही न करता दाखवतो. ते वाचून पटलं तर 'डेक गेटवे सिंक'. जुन्या आवृत्त्यांत मधला गेटवे हा शब्द नसतो.

सिंकचा स्वभाव नीट ध्यानात घ्या. जे फाइलमध्ये नाही ते गेटवेमधून काढून टाकणं हे त्याचं कामच आहे. सभासदांच्या चाव्या रोज ॲपमधून तयार होत असतील आणि फाइल गेल्या आठवड्याची असेल, तर मधल्या काळात जोडले गेलेले सगळे सभासद एका आज्ञेत बाहेर पडतील. त्यासाठी 'स्किप कन्झ्युमर्स' हा पर्याय आहे. डंप, डिफ आणि सिंक तिन्हींना तो द्या, म्हणजे डेक माणसांना हात लावणार नाही. आणि डिफमध्ये पुसण्याची एकही अनोळखी ओळ दिसली तर सिंक करू नका, आधी ती कोणाची हे शोधा.

सिंक एका झटक्यात होत नाही, तो एकामागून एक बदल करत जातो. गावातून बोगद्यावर चालवताना मध्येच नेटवर्क गेलं तर अर्धे बदल लागलेले, अर्धे राहिलेले अशी स्थिती होते. पुन्हा चालवलं की उरलेलं पुरं होतं, हे खरं. पण तोवर गेटवे अर्धवट मांडणीवर चालतो, आणि वीज दोन तास आलीच नाही तर? म्हणून डेक सर्व्हरवर, टीमक्सच्या आत.

सभासदांच्या चाव्यांची गरजच नसेल, दोन-तीनच सर्व्हिस असतील, तर पोस्टग्रेस ठेवूच नका. काँग डेटाबेसशिवायही चालतो. सगळी मांडणी एका फाइलमध्ये, 'काँग कॉन्फिग पार्स' ने ती तपासायची आणि रीलोड करायचं. सांभाळायला एक गोष्ट कमी. या रीतीत ॲडमिन एपीआयवरून एकेक बदल करता येत नाहीत आणि डेकचा सिंकही चालत नाही, पण लहान संस्थेला त्याची उणीव भासत नाही.

आवृत्ती बदलायची असेल तर ती उन्हाळ्यात बदला, सोयाबीन-कापसाच्या हंगामात नको. आधी 'पीजी-डंप' ने डेटाबेसची प्रत काढा. मग नव्या आवृत्तीने 'काँग मायग्रेशन्स अप' चालवा, ते डेटाबेसची रचना नव्या आवृत्तीजोगी करतं. या टप्प्यापर्यंत जुनी आणि नवी आवृत्ती दोन्ही त्याच डेटाबेसवर चालू शकतात, तेव्हा नवीवर थोडी रहदारी सोडून वरच्या तीन कर्लनी तपासा. समाधान झालं की 'काँग मायग्रेशन्स फिनिश'. त्यानंतर जुनीकडे परतायचा एकच रस्ता उरतो, तो म्हणजे ती काढलेली प्रत. म्हणून फिनिशच्या आधी ती दुसऱ्या मशीनवर खरोखर उतरवून बघा.